संगणक मेला, हे कोण ठरवतं?

सातबारा काढायला, पीकविम्याचा अर्ज भरायला किंवा मुलाच्या दाखल्यासाठी तुम्ही गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर पुढच्या वेळी काउंटरच्या पलीकडे जरा नीट बघा. मॉनिटरच्या खाली आडवी ठेवलेली, चार-पाच जाड वह्यांच्या गठ्ठ्याएवढी काळी पेटी बऱ्याचदा दिसेल. बाजारात या अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. कंपन्यांच्या भाषेत ती ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’, थोडक्यात एसएफएफ. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिट किंवा लेनोव्होची थिंकसेंटर, अशी नावं तिच्यावर असतात. बहुतेक वेळा ती नवी घेतलेली नसते. मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरच्या एखाद्या ऑफिसात तीन-चार वर्षं चालून, तिथून लॉटमध्ये विकली जाऊन, एक-दोन हात बदलून ती इथवर आलेली असते.

माझं संशोधन संगणकाच्या इतिहासावर आहे असं सांगितलं की लोक विचारतात, पहिला संगणक कधी आला, कोणी बनवला? हे प्रश्न चांगलेच आहेत. पण या पेटीकडे बघताना मला वेगळा प्रश्न पडतो. ज्या यंत्राला शहरातल्या ऑफिसनं ‘संपलं’ म्हणून बाहेर काढलं, ते गावात आणखी आठ-दहा वर्षं कसं चालतं? मग ते संपलं असं नेमकं कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं होतं? आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि तो मी सोनाळ्याच्या बाजूनं सांगणार आहे.

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. मागे अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, पुढे कपाशीची शेतं. रेल्वे गाठायची तर गावाबाहेर लांब जावं लागतं. अशा ठिकाणाहून पाहिलं की संगणकाचा इतिहास वेगळाच दिसतो. नवं मॉडेल कधी निघालं यापेक्षा बंद पडलेलं मशीन कोण उघडू शकतं, हा प्रश्न इथं मोठा ठरतो.

पेटी कशी वाचायची

इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट किंवा मोडी कागद जसा वाचावा लागतो, तशी ही पेटीही वाचता येते. बाहेरच्या बाजूला मॉडेलचं नाव आणि सर्व्हिस टॅगचा क्रमांक. त्याच्या शेजारी बऱ्याचदा विंडोज ७ प्रोफेशनलच्या परवान्याचं लेबल. म्हणजे मशीन साधारण २००९ नंतरचं. कुठंतरी अर्धवट खरवडलेला बारकोड असतो. ती आधीच्या ऑफिसची मालमत्ता-चिठ्ठी. झाकण उघडलं की चिपांवर छापलेले चार आकडे दिसतात. पुष्कळदा त्यातले दोन वर्षाचे आणि दोन आठवड्याचे असतात. ‘१२३१’ म्हणजे २०१२ सालचा ३१ वा आठवडा. मदरबोर्ड एका सालचा, रॅम दुसऱ्या सालची, हार्ड डिस्क तिसऱ्याच कंपनीची असेल, तर समजायचं की ही पेटी मधे कोणाच्या तरी हाताखालून गेली आहे.

तो ‘कोणाचा तरी हात’ पुस्तकांत क्वचितच दिसतो. पण भारतातल्या संगणकाच्या इतिहासात तो अगदी सुरुवातीपासून आहे.

मुंबईत आलेली जुनी यंत्रं

१९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ हा संगणक बसला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सरकारी खाती, कंपन्या आणि संस्थांमध्ये हेच मॉडेल बरंच पसरलं. यातली कितीतरी यंत्रं नवी नव्हती. परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रं आयबीएम भारतात आणायची, मुंबईच्या आपल्या कारखान्यात ती दुरुस्त करून तयार करायची आणि इथल्या ग्राहकांना भाड्यानं द्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर तो ‘रीफर्बिश्ड’ माल होता.

यावरून मोठा वाद झाला. अमेरिकेत जुनाट ठरलेली यंत्रं आपल्या गळ्यात मारून कंपनी भरपूर नफा कमावते, अशी टीका होऊ लागली. संसदेच्या लोकलेखा समितीनंही सत्तरच्या दशकाच्या मध्यात यावर कडक शब्दांत लिहिलं. टीका चुकीची नव्हती. पण आज मागे वळून पाहिलं तर त्यातली एक बाजू फारशी चर्चेत आली नाही असं वाटतं. अडचण यंत्र जुनं असण्याइतकीच, यंत्र उघडायचा अधिकार आणि ज्ञान एकाच कंपनीकडे असण्याची होती. यंत्र भाड्याचं, सुटे भाग कंपनीचे, तंत्रज्ञही कंपनीचा. ग्राहकाच्या हातात फक्त बिल.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार, म्हणजे ‘फेरा’नुसार, परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करायचा होता. आयबीएमनं ते मान्य केलं नाही आणि १९७८ मध्ये कंपनी भारतातून निघून गेली. मागं राहिली देशभर विखुरलेली यंत्रं. ती आता सांभाळणार कोण? त्यासाठी सरकारी कंपनी आधीच उभी राहिली होती: कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी. तिची स्थापना १९७५ ची. आयबीएम गेल्यावर त्या यंत्रांची देखभाल सीएमसीनं हातात घेतली. आयबीएममधले काही जण सीएमसीत आले, तर काहींनी आयडीएम नावाची स्वतःची कंपनी काढली.

सीएमसीच्या नावातच ‘मेन्टेनन्स’ आहे, याकडे लक्ष द्या. यंत्र बनवणारा निघून गेला तरी यंत्र चालू राहू शकतं, फक्त ते उघडता येणारी माणसं आपल्याकडे हवीत. हे देशाच्या पातळीवर तेव्हा शिकून झालं होतं. गावाच्या पातळीवर तोच धडा पुढं पुन्हा शिकावा लागला.

असेंबल्डचे दिवस

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण आणलं आणि आयात सोपी झाली. मदरबोर्ड, कार्ड, ड्राइव्ह असे सुटे भाग आणून इथं जोडलेले संगणक बाजारात आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस या बाजारपेठा याच काळात संगणकासाठी ओळखल्या जाऊ लागल्या. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो इथूनच.

असेंबल्ड संगणकाची खुबी अशी की त्यात कोणाचाही भाग कोणालाही चालतो. एसएमपीएस जळला, बाजारातून दुसरा आणा आणि चार स्क्रू लावा. विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. विहिरीवरची मोटार जळली म्हणून कोणी ती फेकत नाही, रिवायंडिंगच्या दुकानात टाकतो. तांब्याची तार नवी, बॉडी तीच. असेंबल्ड संगणक त्याच सवयीत बसला.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं, म्हणजे एमकेसीएलनं, एमएस-सीआयटी सुरू केलं आणि तालुक्याच्या गावांमध्ये ओळीनं संगणक मांडलेल्या खोल्या दिसू लागल्या. मग २०११ मध्ये ग्रामपंचायतींसाठी ‘संग्राम’ केंद्रं आली. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, त्याचं हे लघुरूप. संग्रामपूर तालुक्यात संग्राम केंद्र हा नुसता योगायोग. ती योजना २०१५ अखेर संपली आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ सुरू झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. शाळांमध्ये केंद्राच्या आयसीटी योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले. महाराष्ट्रात ते बऱ्याच ठिकाणी ‘बूट’ पद्धतीनं झाले: ठेकेदारानं संगणक बसवायचे, पाच वर्षं चालवायचे, सांभाळायचे आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचे.

या पद्धतीतली मेख शेवटच्या ओळीत आहे. यंत्र शाळेच्या मालकीचं होतं, नेमकं तेव्हाच त्याची देखभाल थांबते. पाच वर्षांचं मशीन म्हणजे दुरुस्ती मागायला लागलेलं मशीन. मालकी मिळाली, पण पेचकस हातात घेणारा माणूस गेला.

वारणेनं काय दाखवलं

हे फक्त शाळांचं झालं असं नाही. याआधीचं मोठं उदाहरण कोल्हापूर-सांगलीकडचं आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावं, गावोगावी संगणक. शेतकरी तिथून बाजारभाव बघेल, शेतीची माहिती घेईल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात संगणकाचा उपयोग मुख्यतः ऊसतोडीची परवानगी, वजन आणि हिशेब यांसाठी झाला. काही वर्षांनी संशोधकांनी तिथं अभ्यास केला तेव्हा दिसलं की हे संगणक सांभाळणं महाग आणि कटकटीचं होऊन बसलंय. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं, आणि ते जमलं.

या प्रकल्पाकडे सहसा ‘लोकांनी इंटरनेट वापरलंच नाही’ या नजरेनं पाहिलं जातं. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सत्तर गावांत यंत्रं पोचवायला पैसा मिळाला. दहाव्या वर्षी ती उघडून पुसायला, भाग बदलायला मात्र तशी सोय राहिली नाही. खरेदीचा समारंभ होतो, देखभालीचा होत नाही.

ऑफिसची पेटी गावात का टिकली

आता पुन्हा त्या काळ्या पेटीकडे येऊ. खरं तर दुरुस्तीच्या दृष्टीनं ती असेंबल्डपेक्षा अवघड असायला हवी. तिचा एसएमपीएस वेगळ्याच मापाचा. एचपीच्या कितीतरी मॉडेलांत मदरबोर्डला जाणारा जोडही नेहमीचा चोवीस पिनांचा नाही. ग्राफिक कार्ड लावायचं तर अर्ध्या उंचीचंच लागतं. तरीही जुन्या बाजारात तिला मागणी आहे. त्याची कारणं मला तीन-चार दिसतात.

पहिलं कारण एकसारखेपणा. मोठी कंपनी एकाच मॉडेलची शेकडो मशिनं एकदम घेते आणि एकदमच काढते. त्यामुळे दुकानदाराकडे एकाच जातीच्या पेट्यांचा ढीग येतो. दोन बंद पेट्यांतून एक चालू पेटी उभी करता येते. वेगळ्या मापाचा एसएमपीएस बाजारात मिळत नाही, पण शेजारच्या मेलेल्या पेटीत असतो.

दुसरं, ती उघडायला सोपी. ऑफिसातल्या तंत्रज्ञाचा वेळ वाचावा म्हणून कंपन्यांनी झाकण, ड्राइव्ह, पंखा हे सगळं खटक्यावर बसवलं. पुष्कळ मॉडेलांत पेचकसही लागत नाही. शहरातल्या आयटी विभागासाठी केलेली सोय गावातल्या कारागिराच्या कामी आली.

तिसरं, वीज. ऑप्टिप्लेक्स ७०१० सारख्या एसएफएफ पेटीचा एसएमपीएस २४० वॅटचा, आणि नेहमीच्या कामाला त्यातला थोडाच भाग लागतो. ज्या भागात भारनियमन आणि खालीवर होणारा दाब यांची सवय झालीय, तिथं छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर मशीन तग धरतं, ही मोठी गोष्ट.

चौथं कारण ऐकायला किरकोळ वाटेल. ही पेटी पिशवीत बसते. एसटीनं शेगावला किंवा अकोटला दुरुस्तीला न्यायची, तर मोठा टॉवर मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा हे परवडतं.

शिवाय मागच्या बाजूचे जुने जोड. २००९-१० च्या ऑफिस मॉडेलांत, उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ७८० मध्ये, सिरियल आणि पॅरलल पोर्ट अजून शाबूत होते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्याला जोडायचा त्याला हे हवंच. मराठी डीटीपीवाल्यांचा तर वेगळाच प्रश्न. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव यांत केलेलं काम जुन्या फाइलींत पडून आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर असो की संस्थेची घटना, ती फाइल जशीच्या तशी उघडायला कित्येकदा जुनं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारं जुनं मशीनच लागतं.

आजार आणि उपचार

मशीन ‘मेलं’ म्हणून दुकानात येतं तेव्हा बहुतेक वेळा काय झालेलं असतं? धूळ. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसलेली धूळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की प्रोसेसर तापून मशीन आपोआप बंद होतं. ब्लोअर मारायचा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. मशीन सुरूच होत नसेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायच्या. हे वाचून हसू येईल, पण पट्ट्यांवरचा मळ निघतो आणि संपर्क पुन्हा होतो. रोज तारीख मागं जात असेल तर सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटनासारखा सेल बदलायचा. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणून काही रुपयांच्या सेलपायी सातबारा अडतो. मशीन फारच मंद झालं असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. या एका बदलानं दहा वर्षांची पेटी पुन्हा कामाची होते.

काही आजार जन्मजात असतात. २००२ ते २००५ च्या सुमाराला जगभरच्या मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले. ते फुगायचे, वरून फुटायचे. अमेरिकेतल्या एका खटल्याची कागदपत्रं २०१० मध्ये खुली झाली, तेव्हा कळलं की मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलनं असा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले होते. ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० हे त्यातलं गाजलेलं मॉडेल. कंपन्यांच्या लेखी तो मदरबोर्ड बदलायचा. सोल्डरिंग येणाऱ्या कारागिराच्या लेखी काही कपॅसिटर काढून त्याच मापाचे नवे लावायचे. एकच बिघाड, पण तो किती खोलवर उघडता येतो, यावर मशीन जगणार की मरणार ते ठरतं.

कागदावरचा मृत्यू

यंत्र कागदावरही मरतं, आणि हे मरण बहुतेक वेळा आधी येतं. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत संगणक आला की तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतो. काढायचा तर निर्लेखन करावं लागतं. नोंदवहीत खरेदीची तारीख असते, किंमत असते. कधी काय बिघडलं, कोणी काय बदललं, यासाठी बहुधा रकाना नसतो. म्हणून दोनशे रुपयांत सुरू होणारं मशीनही कपाटामागं पडून राहतं: ते उघडायची परवानगी कोणाकडे मागायची हेच कळत नाही, आणि निर्लेखन झालं की थेट भंगारात जातं.

कायद्यालाही हा दुरुस्ती करणारा माणूस उशिरा दिसला. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, लागू झाले १ मे २०१२ पासून. त्यांत उत्पादक होता, गोळा करणारा होता, तोडणारा होता, पुनर्चक्रण करणारा होता. ‘रीफर्बिशर’, म्हणजे जुनं यंत्र वापरण्याजोगं करणारा, हा घटक २०१६ च्या नियमांत आला. २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, अशा कामासाठी प्रमाणपत्राची सोय केली. पण ही सोय नोंदणीकृत उद्योगासाठी आहे. बाजारपेठेतल्या दहा बाय दहाच्या दुकानात खोडरबर घेऊन बसलेला माणूस अजून त्या चौकटीत सहज बसत नाही.

तिसरा कागद सॉफ्टवेअर कंपनीचा. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची मुदत आहे, पण ती मुदतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. याचा सरळ अर्थ, २०११ ते २०१७ मधल्या जवळजवळ सगळ्या एसएफएफ पेट्या यादीबाहेर. त्यांचा एकही भाग त्या दिवशी बिघडला नाही.

तुम्ही म्हणाल, लिनक्स टाका. शाळेत, घरी, टायपिंगला, अभ्यासाला जरूर टाका. मराठी युनिकोड त्यात व्यवस्थित चालतं. पण सेवा केंद्रात बोटाचा ठसा घेणारं उपकरण असतं, डिजिटल सहीची चावी असते. त्यांचे ड्रायव्हर कित्येकदा विंडोज गृहीत धरूनच येतात. म्हणजे प्रश्न पुन्हा १९७८ च्याच जागी आला: यंत्र आपल्या टेबलावर, पण ते चालू ठेवण्याची किल्ली दुसऱ्याकडे. तेव्हा देशानं देखभालीसाठी संस्था उभारली होती. आज या पेट्यांसाठी कोणी काही उभारताना दिसत नाही.

म्हणून एक काम तुमच्यावर सोपवतो. तुमच्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात अशा पेट्या धूळ खात पडल्या असतील, तर निर्लेखनाच्या ठरावाआधी एकदा त्या उघडून घ्यायला सांगा. सगळ्या एका टेबलावर मांडा, एकाच मॉडेलच्या शेजारी शेजारी ठेवा, किती चालू होतात ते पाहा. जुन्या हार्ड डिस्का मात्र तशाच भंगारात देऊ नका. त्यांत गावातल्या लोकांचे आधार, बँकेची पासबुकं, दाखले साठवलेले असतात. आधी त्या पूर्ण पुसून घ्या किंवा फोडून टाका. आणि नोंदवहीत शेवटी एक रकाना हातानं आखा: तारीख, बिघाड, काय बदललं, कोणी बदललं. पन्नास वर्षांनी सोनाळ्यातल्या संगणकाचा इतिहास लिहायला कोणी बसलं, तर खरेदीची बिलं त्याला कुठंही मिळतील. दुरुस्तीची नोंद मात्र तुम्ही ठेवली तरच मिळेल.